एक कुशीत, एक पेटीत

जुळं होणार असलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. सिझरच होईल का? दोघांना दूध पुरेल का? आमच्या यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न असतोच: जोडकेळं खाल्लं म्हणून झालं का हो असं? केळ्याचा काडीचाही संबंध नाही. एकाच महिन्यात दोन स्त्रीबीजं सुटली किंवा एका गर्भाचे दोन झाले की जुळं होतं, आणि दोन बीजं सुटण्याचं वळण आईच्या माहेराकडून येऊ शकतं. एवढं सांगितलं की बाई हसते आणि विषय संपतो.

डिलिव्हरीनंतरचा प्रश्न असा हसण्यावारी जात नाही. एक बाळ आईजवळ आणि दुसरं काचेच्या पेटीत असेल, तर चार-पाच दिवसांत बरोबरच्या माणसांना बाहेर पाठवून बाई विचारते, "मॅडम, एकीवरच जीव जडलाय. दुसरीबद्दल काहीच वाटत नाही. माझं काही बिघडलंय का?"

रूपालीने (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) हे विचारण्याआधी तिची सासू माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. "मॅडम, धाकली पेटीमा शे, आन् ही तिले देखाले बी जाई नही ऱ्हायनी." दोन्ही मुलीच झाल्या म्हणून सून रुसली असावी, असा सासूचा तर्क. वॉर्डातल्या इतर बायकांचाही तोच. आपल्याकडे मुलीच्या आईने जरा तोंड पाडलं की कारण शोधायला लोक लांब जात नाहीत.

रूपाली सव्वीस वर्षांची. माहेर यावल तालुक्यात, सासर अमळनेरकडचं, नवरा सुरतला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली ती बाळंतपणासाठी राहिलीच. दोन्ही बाळांची वार वेगवेगळी होती, म्हणजे जुळ्यांमध्ये त्यातल्या त्यात कमी जोखमीचा प्रकार. पण आठव्या महिन्यात धाकटीची वाढ मागे पडू लागली आणि ३५ आठवडे होताच कळा सुरू झाल्या. त्यात नवल काही नाही, जुळी निम्म्याहून अधिक वेळा ३७ आठवड्यांच्या आतच येतात. थोरली पायाळू होती, म्हणून सिझर झालं. खालचं बाळ डोक्याकडून असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर जुळ्यांची नॉर्मल डिलिव्हरीही होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा बायकांचं ठरवून सिझर केल्याने बाळांचा धोका कमी झालेला दिसला नाही. मात्र दवाखान्यात रक्ताची सोय, भूल देणारे डॉक्टर आणि नवजात बाळांचा विभाग हवाच. दोन बाळांनी ताणलेली पिशवी नंतर पटकन आवळत नाही, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. खाजगीचा खर्च झेपत नाही म्हणून घरच्या घरी चालढकल करणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे.

थोरली २ किलो २००, धाकटी १ किलो ५५०. थोरलीला पुसून, गुंडाळून आईच्या गालाला लावलं. धाकटीला डॉक्टरांनी क्षणभर वर धरून दाखवलं आणि घेऊन गेले. त्या क्षणी रूपाली पाठीत सुई घेतलेली, थरथरत होती. पुढे लघवीची नळी, टाके, सलाईन. नवजात विभाग वरच्या मजल्यावर. धाकटी तिला दिसली ती नवऱ्याच्या मोबाइलवर: डोळ्यांवर पट्टी, निळा लाईट, नाकात नळी, ती चिकटवायला गालावर अख्खा गाल झाकेल एवढी पट्टी. मागे मशीनची टूं-टूं. पेटीतल्या बाळाचा असला व्हिडिओ आईला नुसता पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी बसून, ही नळी दुधाची, हा लाईट काविळीचा, असं समजावणारं कोणीतरी हवं. नाहीतर तिच्या मनात एवढंच उरतं की आपलं बाळ मशीनवर आहे.

मी गेले तेव्हा ती थोरलीला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तिच्याबद्दल काही वाटतच नाही."

मी म्हटलं, "बरं. तिची तब्येत कशी आहे आज?"

ती घडाघडा बोलत गेली. वजन १ किलो ४६० वर आलंय. दर दोन तासांनी नळीतून १२ मिली दूध चाललंय. काल एकदा उलटी झाली, म्हणून एक वेळचं थांबवलं होतं. लाईट आज संध्याकाळी काढणार. डिलिव्हरीपासून ती वर गेलेली नव्हती, पण नवऱ्याला दर राऊंडनंतर फोन करून आकडा न् आकडा विचारत होती. काहीच वाटत नाही म्हणणाऱ्या बाईला मिली पाठ असतात होय?

हे मी तिला तोंडावर म्हटलं नाही. एवढंच विचारलं की वजन कमी झालेलं ऐकून काय आलं मनात. मग ते बाहेर पडलं. "ती झिजत चाललीय, मॅडम. ती गेली तर? लळा कमी असलेला बरा."

बाजूच्या खाटेवरची बाई लगेच म्हणाली, "असं वंगाळ बोलू नाही बाई." माणसं चांगल्या मनानेच म्हणतात, पण त्याने आई गप्प होते आणि भीती तिच्यापाशीच राहते. मी तिला म्हटलं, पेटीतल्या बाळाच्या कितीतरी आया माझ्यासमोर हेच बोलल्या आहेत. ज्याच्या जाण्याची भीती वाटते त्याच्यापासून मन आधीच दोन पावलं मागे सरतं. जुळ्यांमध्ये तर हाताशी दुसरं बाळ असतं, सगळा जीव त्याच्यावर ओवाळून टाकायला सोपं जातं. शिवाय दोन बाळांवर एकाच दिवशी, एकाच मापाने माया बसते असं कुठे आहे? ज्याला आधी हात लागतो, त्याच्यावर आधी बसते.

मग वजनाचं. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं. कमी दिवसांच्या बाळांचं जरा जास्त उतरतं आणि भरून यायलाही वेळ लागतो. १ किलो ५५० मधून ९० ग्रॅम जाणं यात डॉक्टरांना चिंतेचं काही नव्हतं. फक्त ते रूपालीला कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, थोरली वाढतेय आणि धाकटी वितळतेय.

दरम्यान सासूशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. गावी पाचवी पुजली तेव्हा सटवाईसमोर कोरा कागद आणि पेन एकाच नातीचं ठेवलं होतं. मी विचारलं, "मावशी, धाकटीचा कागद?" त्या पदराशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव ठेवं का जीव लागस, मॅडम." सून जे करत होती तेच सासूही करत होती. दोघी एकमेकींना दोष देत होत्या, एवढाच फरक. मी दोघींना समोरासमोर बसवून कबुलीजबाब वगैरे घेतला नाही. सासूला फक्त सांगितलं की सुनेला वर न्यायचं काम आता तुमचं.

पहिल्या खेपेला दारावरूनच परत आल्या. कोपरापर्यंत हात मोकळे हवेत, आणि रूपालीच्या हातात डोहाळजेवणातल्या हिरव्या बांगड्या. बाळंतिणीचे हात ओकेबोके कसे करायचे म्हणून सासू अडली. सिस्टर खमकी होती, म्हणाली, "बांगड्यांच्या खाचेत जंतू बसतात, तुमचीच नात आजारी पडेल." साबणाच्या पाण्याने सासूनेच त्या एकेक करून उतरवल्या आणि कनवटीला बांधल्या.

आत गेल्यावर रूपाली बाळाला बोटाने कुरवाळू लागली, तर बाळ दचकून हातपाय फेकायला लागलं. तिचा चेहराच उतरला. सिस्टरने तिचे हात धरून दाखवलं: एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने पाय मुडपून धरायचे, आणि हलवायचं नाही, नुसतं ठेवायचं. कमी दिवसांच्या बाळाला हळूवार कुरवाळणं सोसत नाही, स्थिर हात सोसतो. थोड्या वेळात बाळ निवांत झालं. रूपाली घामाघूम झाली होती, पण हात काढेना.

त्यानंतर मी तिला भावनांबद्दल फारसं विचारलं नाही. कामं दिली. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढायचं, थोरलीला पाजून झालं की लगेच. दूध पुरेल का, याचं उत्तर इथेच आहे: जितकं काढलं जाईल तितकं तयार होतं, आणि जुळ्यांना पाजणाऱ्या आईचं शरीर दोघांपुरतं बनवू शकतं. पहिल्या दिवशी जेमतेम तळ झाकेल एवढंच निघालं. सासू म्हणाली, एवढ्याचं काय नेता. त्या थेंबांनाही नवजात विभागात मोल असतं. जळगावच्या मे महिन्यात काढलेलं दूध बाहेर ठेवण्याचा प्रश्नच नाही, वाटी झाकून तडक वर. वाटीवर चिकटपट्टी लावून त्यावर रूपालीने स्वतःच्या हाताने लिहायचं. दवाखान्याच्या पट्टीवर 'ट्विन २' होतं. तिने तिसऱ्या दिवसापासून त्याच्याखाली 'सई' लिहायला सुरुवात केली. बारसं व्हायचं होतं, आत्याने नाव ठेवायचं होतं, पण कोणी काही बोललं नाही.

सईची नळी निघाल्यावर कांगारू पद्धत सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून बांधायचं, एका वेळी निदान तासभर. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तिथून ही रीत निघाली. आता जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांना ती जन्मानंतर लवकरात लवकर द्या म्हणते. सासूची हरकत रास्त होती, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि पोराला पोटाशी बांधायचं? पण इतक्या लहान बाळाच्या अंगावर फारशी चरबी नसते, त्याला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. आईचं अंग ते सांभाळतं. बाप किंवा आजीही हे करू शकतात. नवरा सुरतहून शनिवारी भुसावळच्या गाडीने पुन्हा आला आणि शर्ट काढून खुर्चीत बसला. त्याच्या छातीवर सई ढाराढूर झोपली. तो मात्र श्वाससुद्धा जपून घेत होता.

रूपाली आणि थोरलीला सुट्टी मिळाली तेव्हा अडचण आली. यावलहून रोज येणं टाके ओले असताना शक्य नव्हतं. ती गावी गेली असती तर सईपासूनचं अंतर पुन्हा वाढलं असतं. म्हणून सुट्टीनंतर थोरलीसकट ती जळगावातच, पिंप्राळ्यात मावशीकडे राहिली आणि सई पेटीतून सुटेपर्यंत रिक्षाने ये-जा केली. सगळ्यांना असं घर मिळत नाही. पण दवाखान्यात आधीच विचारून ठेवावं. काही ठिकाणी अशा आयांना राहायला जागा देतात.

हे सगळं मी नैराश्य नाही असं धरून करत होते, आणि ते धरण्याआधी तपासलं होतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड, उदास वाटणं पुष्कळांना होतं आणि ओसरतं. ते दोन आठवड्यांपुढे गेलं, बाळं झोपलेली असतानाही आईला झोप येईना, अन्न जाईना, दोन्ही बाळांकडे बघावंसं वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. जुळ्यांच्या आयांमध्ये हा धोका जास्त असतो. स्वतःला किंवा बाळाला काही करून टाकण्याचे विचार, भलतेच आवाज ऐकू येणं, यात तर एक दिवसही थांबायचं नाही, आईला एकटं सोडायचं नाही. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. रूपालीला झोप लागत होती, भूक होती, थोरलीचं कौतुक होतं. तिचं जे अडलं होतं ते एका मजल्याच्या अंतरावर.

मध्यंतरी तिचा फोन आला. सई आता २ किलो ६०० ची झालीय. "पण मॅडम, आता उलटंच झालंय. दिवसभर हिलाच छातीशी घेऊन असते, आणि थोरलीचं कोणाला काही पडलेलं नाही. काल ती रडून रडून झोपली." मी विचारलं, थोरलीचं वजन शेवटचं कधी केलं? तिला आठवेना. मी म्हटलं, उद्या आशाताई येतील तेव्हा दोघींचं करून घे, रात्रीचं एक पाजणं फक्त थोरलीसाठी ठेव, तेवढा वेळ सई आजीकडे. आणि वजनाचा आकडा मला कळव.