देवाला एका रात्रीत नदीपार नेऊन बघा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण ही चूक मी हुबेहूब करून बसलोय. तुम्ही लिहिलंय की फँटसी कादंबरीसाठी नऊ देव तयार आहेत, प्रत्येकाला खातं दिलंय, सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहे, मोठं चर्च आणि त्याचा मुख्य धर्मगुरू आहे, तरी वाचणारे म्हणतात सगळं प्लास्टिकचं वाटतंय, तर चुकतंय कुठे. माझेही नऊच होते हो! एकाकडे पाऊस, एकाकडे युद्ध, एकाकडे मृत्यू, मंत्रिमंडळच म्हणा ना. आम्ही चार-पाच जण गोव्यातल्या फोंड्यात रविवारी जमून फासे टाकायचा रोलप्ले गेम खेळायचो, जग बनवायचं काम माझ्याकडे. पहिल्याच रविवारी मी अर्धा तास धर्म समजावला, सगळे मोबाइल बघत होते, आणि मडगावहून येणारा एक मित्र, घरचा कॅथलिक, त्याने शांतपणे विचारलं, "आरे पूण ह्या पाद्रीक पगार कोण दिता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याकडे असतं, कारण त्याचे पपा त्यांच्या इगर्जीच्या फाब्रिकात होते, फाब्रिका म्हणजे चर्चच्या मिळकतीचा हिशेब बघणारी समिती, आणि तो लहानपणापासून जेवताना हेच ऐकत आलेला की माडांचा लिलाव कितीला गेला, छपराच्या कौलांना किती लागले, यंदा फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, प्रेसिडेंट कोण आणि त्याने बँड कुठला आणला. आणि खरं सांगायचं तर माझ्या घरीही तेच होतं, फक्त माझ्या डोक्यात कधी आलं नाही की हाच धर्म. देव आहे की नाही यावर आमच्या घरात कधी चर्चा ऐकली नाही, पण पालखीचा पहिला खांदा कुणाच्या घराचा यावरून माझे दोन काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच पंगतीला बसायचे, मधे मला बसवायचे आणि "त्याला सांग मीठ दे" असं माझ्यामार्फत चालायचं.

म्हणून माझा एकच सल्ला, बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं. तुमच्या नऊ देवांपैकी एक उचला आणि त्याला एका रात्रीत नदीपलीकडे न्या, दुसऱ्या राजाच्या मुलखात. मग बघा लोक बरोबर काय नेतात, मागे काय राहतं आणि पलीकडे गेल्यावर भांडण कशावरून होतं. जे नेलं ते लोकांना खरंच महत्त्वाचं, बाकीचं तुम्ही लेखक म्हणून नुसतं चिकटवलेलं.

ही कल्पना माझी नाही, आमच्याकडे ती प्रत्यक्ष झालीय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देस, साष्टीत देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आणले, तिथे तेव्हा आदिलशाही होती. मंगेश कुठ्ठाळीहून 1560 च्या सुमारास प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. आता विचार करा, होडीत काय मावतं? मूर्ती किंवा लिंग, थोडी भांडी, दागिने असले तर. देऊळ मावत नाही, तळं मावत नाही, देवाच्या नावची शेतं तर नाहीच नाही. आणि तरी पलीकडे जाऊन तोच देव तोच राहिला, कारण कोण महाजन, म्हणजे देवळाचा कारभार बघायचा हक्क कुठल्या घराण्यांचा, कुणाची कुठली सेवा, कुणाचा कुठला मान हे सगळं लोकांच्या डोक्यात बसून आलं होतं. तुमच्या पोथीतली उत्पत्तीची कथा त्या रात्री कुणालाच आठवली नसती बघा.

पुढचं तर कादंबरीकाराला फुकटात मिळालेलं आहे. आश्रयाला आलेला देव पलीकडच्या गावात पाहुणा, तिथला ग्रामदेव आधीच बसलेला, त्याचा मान वेगळा. मग राजकारण फिरतं, आणि 1739 मध्ये पेशवे आपले सरदार रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सांगण्यावरून मंगेशाला गावच इनाम देतात, आज त्या जागेला लोक मंगेशीच म्हणतात. म्हणजे निर्वासिताचं नाव गावाला लागलं. कवळ्याचं देऊळही त्याच सुमाराचं, 1738, शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारोराम मंत्र्यांनी बांधलेलं. आणि मग 1763 मध्ये पोर्तुगीज फोंडाही घेतात! ज्यांच्या भीतीने देव पळाला ते दोनशे वर्षांनी दारात हजर, पण एव्हाना तेच थकलेले, धोरण बदललेलं, देवळांना हात लावत नाहीत. उलट पुढे देवळांसाठी कायदा करतात, 1933 चा देवस्थान कायदा, ज्याच्या हिशेबाने आमच्याकडे महाजनांची यादी ठेवतात, कमिटी निवडतात आणि मामलेदार त्यावर प्रशासक असतो. पोर्तुगीज 1961 ला गेले, कायदा राहिला. माझ्या काकांचं खांद्याचं भांडण ज्या ऑफिसात गेलं तिथे कारकुनाने परकीय राज्यकर्त्यांच्या त्याच कायद्याचं कलम काढून दाखवलं, आणि दोन्ही काकांना ते नंबरासकट पाठ होतं. असं काहीतरी तुमच्या जगात घाला ना, जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या देवासाठी केलेला नियम, आणि आता हरलेल्याचेच पणतू तो नियम धर्म समजून पाळतायत.

मागे जे राहिलं त्याचंही बघा, तिथेच तुमचं चर्च उभं राहतं. फँटसीत चर्च म्हटलं की लोक काळा किल्ला आणि दुष्ट धर्मगुरू आणतात, पण त्या किल्ल्याला तेलवात कुठल्या पैशाने? 1541 मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न नव्या धर्माच्या कामाकडे वळवलं गेलं. शेत तेच, भात तेच, कसणारा बरेचदा तोच, जमाखर्चाच्या वहीतलं नाव बदललं. म्हणून शेताचं कॅलेंडरही फारसं हललं नाही. ताळगावात 21 ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, पाद्री शेतावर येऊन नवीन कणसांना आशीर्वाद देतो, आणि आमच्याकडे गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पूजा, तीही कणसांचीच. दोघांच्या पोथ्या वेगळ्या, पण भात पिकायची वेळ काही वेगळी नाही. तुमच्या पावसाच्या देवाचा सण ठरवताना आधी तिथे पेरणी कधी आणि कापणी कधी ते ठरवा, ही एक गोष्ट केलीत तरी अर्धं प्लास्टिक जाईल.

आणि हललेला देव घरी भेटायला येतो का हेही ठरवा. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, त्या कुंकळ्ळी गावाने 1583 मध्ये जेझुइट पंथाचे पाच धर्मप्रसारक मारले होते आणि मग गावकऱ्यांनाही बोलावून मारण्यात आलं, असा रक्ताचा इतिहास आहे तो. आजही शिगम्याच्या दिवसांत देवीची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला मूळ जागी येते, बारा छत्र्या, बारा वांगडांच्या, वांगड म्हणजे कुळं म्हणा. आणि ज्या घराण्यांनी धर्म बदलला त्यांनाही त्यात मान आहे. मिरवणूक कुठल्या वाटेने जाते, कुठे थांबते, एवढ्यावरून सगळा इतिहास कळतो, कुणी पात्र उभं राहून दोन पानं माहिती द्यायची गरजच नाही.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या जगात देव खरेच आहेत, बोलतात, चमत्कार करतात, मग शंका आणि भांडणं कुठून येणार. कौल बघितलाय का कधी? नसेल तर सांगतो. माझ्या आत्याला जमिनीचा एक तुकडा विकायचा होता, ती देवाला विचारायला गेली, मी बरोबर, वय दहा-अकरा असेल. भटजींनी फुलांच्या पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीवर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, नाव-गाव-विषय सगळं देवाला नीट सांगून, वकिलासारखं. मग शांतता. सगळे त्या पाकळ्यांकडे टक लावून, समईच्या उजेडात पाणी चकाकतंय, पंखा मुद्दाम बंद केलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. मग डावीकडची एक सुटली आणि टपकन खाली. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नाही. आत्याचा चेहरा पडला, मग ती हळूच म्हणाली, "भटजी, मी सगळा तुकडा विकायचं विचारलं ना, अर्धा विकू का असं विचारा." विचारलं. उजवी पडली! काका अजून म्हणतात की पहिलं उत्तर खरं होतं, आत्या म्हणते प्रश्नच चुकीचा होता. देवाने उत्तर दिलं यावर दोघांचाही पूर्ण विश्वास आहे हं, वाद आहे तो प्रश्न कुणी कसा मांडला याचा. तुमचा देव आकाशातून गर्जना करत असेल तरी त्याला विचारायचा हक्क कुणाला, प्रश्न कुणाच्या भाषेत आणि उत्तर लिहून कोण घेतं, एवढ्यावर तीन पिढ्या कोर्टकचेरी चालेल.

संत आणि अवशेष यांचंही तसंच, फँटसीत अवशेष म्हणजे जादूची हाडं आणि तेवढंच. आमचा गोयंचो सायब बघा, गोव्याचा सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ते 1552 मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले, शरीर 1554 ला गोव्यात आलं, 1614 मध्ये उजवा हात रोमला पाठवला. मराठे गोव्यावर चालून आले तेव्हा, 1683 साली, व्हाइसरॉयने आपली अधिकाराची काठी नेऊन त्या शवाजवळ ठेवली, आता तूच सांभाळ म्हणून. म्हणजे राज्याचा कारभार एका मेलेल्या माणसाच्या हाती, कागदोपत्री नाही पण मनाने तरी! दहा वर्षांनी एकदा शवदर्शन असतं, मागचं नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 झालं, जुन्या गोव्यात रांगा, आणि त्या रांगेत माझी आई, कपाळाला कुंकू, हातात मेणबत्ती. तिला विचारलं तर म्हणाली, सायब सगळ्यांचा.

आईचं हे वाक्य तुमच्या नऊ खात्यांच्या तक्त्यात कुठेच बसत नाही, आणि ते न बसणारंच मुद्दाम ठेवायचं. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबिण, म्हणजे मेरी माउली, आणि शिरगावची लईराई देवी यांना लोक बहिणी मानतात, सात बहिणींपैकी. एकीकडून मोगरीची फुलं जातात, दुसरीकडून तेल येतं असं सांगतात, फेस्ताला हिंदू बाया सायबिणीला तेल घालायला रांगेत असतात. ना कुठल्या पुराणात याला जागा ना चर्चच्या शिकवणीत, पण शाळकरी पोराला विचारलं तरी बहिणींची नावं सांगेल, क्रम मात्र प्रत्येकाचा वेगळा.

भाषेबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात "पवित्र प्रकाशाचे महामंदिर" वगैरे फार आहे. नवा धर्म आला तरी शब्द जुन्याच दुकानातले लागतात. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट साष्टीत येऊन राहिला आणि 1616 मध्ये त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहून छापली, आज तिला क्रिस्तपुराण म्हणतात, स्वर्गाला शब्द घेतला वैकुंठ. तुमच्या नव्या धर्माच्या पाद्रीनेही जिंकलेल्यांच्याच चालीवर गाणी म्हणायला हवीत, आणि एखाद्या म्हातारीला ती ऐकून क्षणभर कळू नये की हा देव कुठला.

तुमच्या नऊपैकी कुठला निवडायचा म्हणाल तर पावसाचा घ्या, शेतं लगेच येतात, शेतांबरोबर हिशेब येतो. मी शेवटी तेच केलं. पुढच्या रविवारी कथेतली होडी रात्री नदीत घातली, मूर्ती आत, खेळाडूंना सांगितलं जागा सहाच जणांना आहे, ठरवा कोण. वाटलं होतं दहा मिनिटांत उरकेल, मग पलीकडे ड्रॅगन ठेवलेलाच होता. मडगावचा मित्र लगेच म्हणाला माझ्या घराण्याचा मान पहिला, दुसरा म्हणाला पुरावा दाखव, तिसऱ्याने खोटा ताम्रपट बनवायला फासा टाकला. तीन रविवार गेले, होडी अजून काठालाच, आणि ड्रॅगनची आठवण कुणीही काढली नाही.