प्राचीन वाद्ये की तत्कालीन वाद्ये?

प्रश्न असा आलाय: जर्मन संगीतकार बाखच्या एका ध्वनिमुद्रणाची ओळख मराठीत लिहायची आहे. वेष्टनावर ‘पिरियड इन्स्ट्रुमेंट्स’ असं छापलंय. त्याला ‘प्राचीन वाद्ये’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत, नको. ‘प्राचीन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लेणी आणि ताम्रपट येतात. बाखचं संगीत ज्यात मोडतं ते युरोपातलं बरोक संगीत साधारण १६०० ते १७५० मधलं. ‘जुनी वाद्ये’सुद्धा फसवं आहे, कारण यातली बरीचशी वाद्यं आजच्या कारागिरांनी जुने नमुने मोजूनमापून घडवलेली असतात. उलट स्ट्रॅडिव्हरी या नामांकित इटालियन कारागिराच्या हातचं तीनशे वर्षांचं व्हायोलिन घ्या. अशा बहुतेक व्हायोलिनांची मान पुढे बदलली गेली, लांब आणि जास्त कललेली झाली. तारा आजच्या चढल्या. वाद्य जुनं, घडण नवी. मुद्दा वयाचा नाहीच, घडणीचा आहे. म्हणून मी ‘तत्कालीन घडणीची वाद्ये’ लिहीन, मथळ्यात नुसतं ‘तत्कालीन वाद्ये’. ‘समकालीन’ मात्र टाळा; त्याचा अर्थ आज ‘आत्ताचं’ असाच घेतला जातो.

त्याच ओळखीत ‘आतड्याच्या तारा’ असं लिहायची वेळ येईल. त्याला मराठीत सुरेख शब्द आहे: तात. सारंगीला तात असते, पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही तात असते. तातेवर गज टेकला की आधी बारीकशी खरखर येते आणि मग स्वर भरत जातो. धातूच्या तारेची लखलख तिच्यात नाही. मला हा आवाज माणसाच्या गळ्याच्या जवळचा वाटतो.

पट्टीचंही असंच. आज वाद्यवृंद ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात, बरोक वादक बहुधा ४१५ ला. हा आकडा वाचकाला काही सांगत नाही. पेटीच्या भाषेत सांगा: पांढरी सहा वाजायची तिथे काळी चार ऐकू येते. लगेच कळतं.

अशा वादनाला इंग्रजीत ‘ऑथेंटिक’ही म्हणतात. त्यासाठी ‘अस्सल’ सुचेल, पण तो शब्द बाकीच्यांना नकली ठरवतो. निकोलाउस हार्ननकोर्ट यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात ‘कॉन्त्सेन्टुस मुझिकुस’ हा तत्कालीन वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला तेव्हापासून या वादकांनी जुन्या पोथ्या आणि वादनावरचे ग्रंथ वाचून वाद्यं हातात धरली. म्हणून ‘इतिहासाभ्यासी वादन’ मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता खुद्द ‘बरोक’. बहुतेक कोश त्याचं मूळ पोर्तुगीज ‘बार्रोको’त, म्हणजे वेड्यावाकड्या मोत्यात, दाखवतात. संगीताला तो पहिल्यांदा चिकटला तो टीका म्हणून: १७३४ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात, फ्रेंच संगीतकार रामोच्या ऑपेराबद्दल. ‘बॅरोक’ हा इंग्रजी उच्चार मराठीत आणायची गरज नाही. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या वास्तुशैलीबद्दल आपण ‘बरोक’ लिहितो, तेच इथेही लिहा.