वाचक विचारतात : कटऑफ, बॅटरी आणि रिमोटच्या ट्रकची खरी किंमत

प्रश्न : मुलासाठी १/१० मापाचा, ब्रश मोटरचा रिमोटचा ट्रक घेतला. सोबत सहा सेलचा ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक मिळाला. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही, विशेषतः गवतावर किंवा चढावर, ट्रक लवकरच थांबतो. पुढची चाके मात्र रिमोटने वळत राहतात. थोडा वेळ थांबले की तो पुन्हा काही अंतर जातो. दुकानदार लिथियम बॅटरी घ्यायला सांगत आहेत. ती घ्यावी, की मुळात गाडीच चुकीची घेतली गेली? – एक वाचक, सांगली

उत्तर : चाके वळत राहतात, हा तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील आहे. रिसीव्हरला वीज मिळते आहे आणि रिमोटचा संपर्कही शाबूत आहे, एवढे त्यावरून कळते; म्हणजे मोटरचा पुरवठा ईएससीने, अर्थात वेगनियंत्रकाने, स्वतःहून तोडलेला आहे. तो असे दोन कारणांनी करतो : व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले म्हणून किंवा ईएससी फार तापला म्हणून. गाडी थांबताच पूर्ण चार्ज केलेला दुसरा पॅक लावून पाहावा. ती लगेच पूर्ववत धावली तर कारण व्होल्टेजचे, आणि गार झाल्याशिवाय हललीच नाही तर कारण उष्णतेचे समजावे.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून ईएससी लिथियमच्या सेटिंगवर राहिला असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर पॅकसाठी कटऑफ, म्हणजे मोटरचा पुरवठा तोडण्याची पातळी, साधारण ६ ते ६.४ व्होल्टच्या आसपास ठेवलेला असतो, कारण त्यातला प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. तुमच्या पॅकमध्ये सहा निकेल सेल आहेत. गवतात चाके अडली आणि मोटरने जास्त अँपिअर ओढले की यातला प्रत्येक सेल चार्ज शिल्लक असतानाही सव्वा व्होल्टवरून एकच्या जवळ घसरतो. सहा सेलचे मिळून सहा-साडेसहा व्होल्ट होतात आणि ईएससी ‘बॅटरी संपली’ असे समजून मोटर बंद करतो. भार सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येते, म्हणून थोड्या विश्रांतीनंतर ट्रक काही अंतर जातो. गाडी थांबल्यावर पॅक काढून, काही मिनिटांनी मल्टिमीटर लावून पाहा. साडेसात व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी रिकामी झालेली नव्हती, हे नक्की.

सेटिंग बदलण्याची पद्धत प्रत्येक ईएससीची निराळी असते. ट्रॅक्सासच्या एक्सएल-५ या ईएससीमध्ये लाल दिवा म्हणजे लिथियमचा कटऑफ बंद आणि हिरवा म्हणजे चालू, अशी खूण आहे. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० वर बॅटरीचा प्रकार एका छोट्या जंपरची, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या टोपीची, जागा बदलून निवडतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत हे पान आधी शोधावे, कारण या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

सेटिंग बरोबर असूनही त्रास राहिला, तर जोडणीकडे पाहा. स्वस्त गाड्यांना येणारा पांढरा टॅमिया जोड जास्त अँपिअरच्या कामाचा नसतो. गाडी चालवल्यावर तो बोटाला गरम लागला, किंवा त्याचे प्लॅस्टिक पिवळे पडून मऊ झालेले दिसले, तर मोटरपर्यंत पोहोचायचे व्होल्टेज तिथेच वाया जात आहे. हिशेब साधा आहे : बॅटरी, तारा आणि जोड यांचा मिळून अंतर्गत रोध २० मिलिओहम धरला आणि मोटरने ४० अँपिअर ओढले, तर ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. टी-प्लग किंवा एक्सटी६० जोड नीट डाग देऊन (सोल्डर करून) बसवला, तर हे नुकसान बरेच कमी होते. गाडी वापरलेली घेतली असेल आणि आधीच्या मालकाने वेगासाठी पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, मोठा बसवला असेल तर तोही मूळ मापाचा करावा. मोठ्या पिनियनमुळे मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापतेही.

आता लिथियमविषयी. ती घेण्याला माझा विरोध नाही. ती हलकी असते आणि भाराखाली व्होल्टेज चांगले टिकवते. मात्र ती निकेलच्या सेटिंगवर चालवणे हा उलट आणि कितीतरी गंभीर प्रकार आहे, कारण तेव्हा कटऑफ वेळेवर लागत नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली जातात, पॅक फुगतो आणि असा पॅक पुन्हा चार्जला लावला तर आग लागू शकते. शिवाय बहुतेक ईएससी पॅकचे एकूण व्होल्टेजच पाहतो : ६.४ व्होल्टमध्ये एक सेल ३.६ आणि दुसरा २.८ वर असला, तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून बॅलन्स वायरला, म्हणजे प्रत्येक सेलपासून आलेल्या बारीक तारांच्या जोडाला, लावायचा छोटा अलार्म आणि सेल बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणणारा, चार्जर यांचा खर्च बॅटरीच्या किमतीतच धरावा. वापर नसताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा, आणि चार्जिंग कधीही देखरेखीशिवाय किंवा गादी-पडद्यांजवळ करू नये.

गाडी चुकीची घेतली का, याचे उत्तर मी खोक्यावरच्या ताशी किलोमीटरच्या आकड्यावरून देणार नाही. दुकानात मी चार गोष्टी विचारतो : ईएससीत दोन्ही प्रकारच्या बॅटरीची सेटिंग आहे का, चार्जर किती अँपिअरचा आहे, कारण ३००० एमएएचचा पॅक अर्ध्या अँपिअरच्या चार्जरवर भरायला सहा तासांहून जास्त लागतात, बॅटरीच्या कप्प्यात बाजारात सहज मिळणारा पॅक बसतो का, आणि सस्पेन्शन आर्म, डिफरन्शियलचे गिअर, ड्राइव्ह शाफ्ट असे तुटणारे भाग सुटे मिळतात का. यातली शेवटची गोष्ट माझ्या लेखी सर्वांत मोलाची आहे. दोन हजार रुपयांनी स्वस्त पडलेला ट्रक एका आर्मसाठी कायमचा कपाटात बसणार असेल, तर तो महागच पडला. तुमच्या गाडीचे भाग मिळत असतील, तर ती ठेवा.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून येताना असाच ट्रक आणि जास्तीच्या बॅटऱ्या आणणार आहे. त्यात फायदा आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्ये, टोकांवर चिकटपट्टी लावून आणाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएचचा पॅक ३७ वॉट-तासांचा होतो, म्हणजे या मर्यादेत बसतो. किती नग न्यायला परवानगी आहे, हे मात्र विमान कंपनीकडूनच विचारून घ्यावे. चार्जरवरचा इनपुटचा आकडा तर भावाला आधीच वाचायला सांगा : तिथे १००-२४० व्होल्ट लिहिलेले असेल तर पिन बदलून काम भागते, पण फक्त १२० लिहिलेले असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो चार्जर जळेल. परदेशी खरेदीची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही; म्हणून त्याच खेपेत आर्म आणि गिअर यांचा एकेक जादा संच मागवावा, आणि बॅटरी इथेच घ्यावी.