फ्रीझरमधल्या आणि डब्यातल्या सामानावर पाच जणांचं रोजचं घरचं जेवण निघेल का? सासूबाई म्हणतात, ते शिळं

निघेल. पाच जणांचं काय, दुप्पट माणसांचं निघतं, आणि तेही घरात करंट नसताना. ऐकीव सांगत नाही.

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला, मुलं शाळेत, संध्याकाळी सातला घरी आल्यावर ओटा बघूनच जीव जातो, आणि रविवारी काही करून ठेवलं तर सासूबाई 'शिळं' म्हणून ताट सरकवतात. पहिल्या भागाचं उत्तर दहा जणी देतील. मी लिहायला बसले ती त्या 'शिळं'साठी. आमच्या वन्संनी हेच मला माझ्याच स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या देखत ऐकवलंय.

आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचमीला वन्सं पुण्याहून माहेरी आल्या, यजमान आणि दोन्ही मुलींसकट. पंचमीला आमच्यात चिरणं नाही, तळणं नाही, तवा ठेवणं नाही. त्यामुळे पुरणाची दिंडं उकडली, शेंगाचे आणि तंबिटाचे लाडू आधीच डब्यात होते. पाऊस असा की लाह्या डब्यातून काढल्या की बघता बघता चामट. सण झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं त्यांचं ठरलेलं. पण कोल्हापूरला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं, आणि अलीकडे निपाणीपाशी यमगर्णीला वेदगंगा रस्त्यावर आली. पुण्याची वाट बंद. घाटाने खाली उतरून जावं तर दरडीची भीती. गाडी दारात आणि माणसं घरात. इकडे बळ्ळारी नाला फुगून शिवारात पाणी शिरलेलं, त्यामुळे भाजी येईना. आली तर दर ऐकून पिशवी घडी घालून परत आणावी अशी.

त्या संध्याकाळी मटार आहेत का बघायला म्हणून वन्संनी फ्रीझर उघडला. आत माझी चपटी पाकिटं एकावर एक रचलेली, प्रत्येकावर तारीख. तांबडं वाटण, पांढरं खोबरं, मटकी, हरभऱ्याचा कट.

"वहिनी, हे काय गं, रक्तपेढी उघडलीस की काय? आईला असलं शिळं घालतेस होय?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही बोलले. त्याच रात्री करंट गेला.

करंट गेला म्हणजे नुसता दिवा गेला नाही. मिक्सर गेला, पाण्याची मोटर गेली, कोपऱ्यावरची गिरण बंद. पाटा-वरवंटा मागच्या दारी शेवाळं धरून पडलेला. ओल्या नारळाचं किंवा भाजक्या कांद्याचं वाटण लागेल असं काहीही ताजं करायचं म्हटलं तर हात मोडून घ्यायचे. आणि फ्रीझरमध्ये ते सगळं आधीच वाटून तयार! मी दाराला चिकटपट्टी मारली आणि पोरांना सांगितलं, जो उघडेल तो आजची भांडी घासेल. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरून राहतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीज मात्र चार तासांचाच सोबती. म्हणून आधी खालचं दूध, दही, भिजवलेली डाळ संपवली. वरचं दार दिवसातून एकदा उघडायचं, लागेल ते सगळं एकाच वेळी काढायचं आणि पुन्हा चिकटपट्टी.

त्यातली सांडग्याची आमटी सांगते, कारण वादाचा निकाल खरं तर तिथेच लागला होता. सांडगे उन्हाळ्यात घातलेले, मठाच्या डाळीचे. लोखंडी कढईत तेलावर ते खरपूस परतून बाजूला काढले. त्याच तेलात मोहरी, कढीपत्ता आणि वाटणाचा तुकडा. पाकीट चपटं गोठवलेलं असलं की वरूनच दाबून मोडतं, कट्ट आवाज येतो, हवं तेवढंच निघतं आणि बाकीचं परत आत जातं. तेलात पडल्यावर आधी त्यातलं पाणी तडतडतं. तेव्हा घाई करून पुढचं काही घालायचं नाही. तडतड थांबून कडेने तेल दिसायला लागलं की मग तिखट. मी रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी अशी मिसळून दळून आणते. मग आधणाचं पाणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, सांडगे, झाकण. मेणबत्तीच्या उजेडात सगळे जेवायला बसले. शेजारच्या मावशी भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय वास सुटलाय गं, काय करूलैस?" वन्संच्या यजमानांनी वाटी पुन्हा पुन्हा पुढे केली. वन्संनी भातावर घेतली, मग भाकरी कुस्करून घेतली, आणि "वाटण कधी वाटलंस?" असं विचारलं. मी पाकिटावरची तारीख दाखवली. जूनची होती.

पुढचे दिवस असेच गेले. श्रावण असल्यामुळे अंडी, सुकट बाद. सकाळी उप्पीट, नाहीतर चुरमुऱ्यांचा सुशीला: चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वरून फुटाण्याच्या डाळीचं पीठ. दहा मिनिटांचं काम, आणि पोरं पोहे विसरतात. दुपारी मटारभात आणि आमसुलाचं सार. रात्री अख्खा मसूर, तो भिजवला नाही तरी कुकरमध्ये शिजतो. मटार मऊ पडायला लागले तेव्हा ते त्याच दिवशी सगळे संपवले. एकदा हुलग्याचं पिठलं. एकदाच, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रस्ता उघडला तशा वन्सं निघाल्या. जाताना गाडीत काय काय गेलं? कडक भाकरीचे गठ्ठे, शेंगाची चटणी, कारळाची चटणी, एप्रिलमधल्या कुरडया आणि गेल्या वर्षीचं लिंबाचं लोणचं. कडक भाकरी महिनाभर पुरवून खातात त्या पुण्यात, डब्यात ठेवून, दुधात मोडून. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हीच भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून नेतात, त्यांना कुणी शिळं खाता म्हणून नाक मुरडलं नाही. उन्हात वाळवलेलं चालतं, मिठात मुरवलेलं चालतं, तेलात बुडवलेलं चालतं. थंडीत गोठवलेलं तेवढं शिळं! का, तर ते यंत्र सुनेने हप्त्यावर आणलेलं असतं म्हणून. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

आणि नंतर एका लग्नात पंगतीला बसून त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की पुरात वहिनीकडे नुसत्या पिठलं-भातावर दिवस काढले. मी समोरच्या रांगेत वाढत होते.

असो. तुमच्या कामाचं.

फ्रीझरमध्ये जेवण ठेवू नका, जेवणाची तयारी ठेवा. भाजी करून गोठवली आणि आठवड्याने गरम केली तर तुमच्या सासूबाई ओळखणारच, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण वाटण गोठवलं आणि आमटी आज उकळली तर ती आजचीच आमटी. माझ्या फ्रीझरमध्ये वर्षभर कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण असतं, त्यात पाणी शक्य तितकं कमी. खोवलेला नारळ असतो. मोड आलेली मटकी आणि शिजवलेले हरभरे त्यांच्या कटासकट असतात, कारण कट टाकला तर आमटीचा जीवच टाकला. टोमॅटो स्वस्त झाले की अख्खे तसेच गोठवते, नळाखाली धरले की साल आपोआप सुटते. कोथिंबीर गोठवली तर वरून भुरभुरायला नाही चालत, शिजणाऱ्या पदार्थात चालते. एवढंच. उकडलेला बटाटा गोठवू नका, पाणी सुटून भुसभुशीत होतो. दही फाटल्यासारखं होतं. मळलेली कणीक फ्रीजमध्ये काळी पडते आणि मग सासूबाईंना आयतं कारण मिळतं, तेव्हा पीठ रोज मळा, पाच मिनिटं लागतात.

डब्यांचं महत्त्व मात्र फ्रीझरपेक्षा जास्त, हे मी शपथेवर सांगेन. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी आडवा मोठा फ्रीझर घेतला आणि घरात बेसन नसतं. तूरडाळ, मसूर, हुलग्याचं पीठ, बेसन, रवा, जाड पोहे, चुरमुरे, दाण्याचं कूट, आमसूल, चिंच, गूळ, सांडगे, आणि निदान एक कोरडी चटणी. हे भरलेलं असेल तर फ्रीझर बंद पडला तरी चूल बंद पडत नाही. आमच्याकडच्या पावसात, आणि खानापूरकडे तर आणखीच, दमट हवेने कूट खवट होतं आणि रव्यात किडे होतात. म्हणून मे महिन्यात डाळी-कडधान्यं कडक उन्हात घाला, रवा कोरडा भाजून ठेवा, आणि कूट थोडं थोडंच करा. कूट फ्रीजमध्ये ठेवलं तर जास्त टिकतं.

आठवड्याचा बेत करून भिंतीवर लावण्याच्या फंदात मी पडत नाही. सकाळी निघताना एकच ठरवायचं, आज काय भिजणार आणि कोणतं पाकीट वरून खाली उतरणार. पाकीट ओट्यावर दिवसभर ठेवून जायचं नाही, खालच्या कप्प्यात ठेवायचं. संध्याकाळी आल्यावर कुकरला भात, कढईत आमटी किंवा उसळ, तोंडी लावायला चटणी. अर्ध्या तासात ताटं वाढली जातात. रोज दोन भाज्या आणि कोशिंबीर हवीच असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांनी कांदा चिरायला बसावं.

आणखी काही राहिलंय, ते आता सांगते. तुमचा फ्रीज एका दाराचा असेल तर आतला छोटा बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असं नाही. त्यात पंधरा-वीस दिवसांच्या वर काही ठेवू नका, माझी जूनची तारीख तुम्हाला लागू नाही. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मधे करंट बराच वेळ गेला होता, आतलं टाकून द्या. वितळलेल्यात बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील तर परत गोठवता येतं. पार मऊ आणि कोमट झालं असेल तर नाही. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी द्यायची सवय असेल तर ती सोडा, भात लवकर गार करून फ्रीजमध्ये घाला. या एका बाबतीत 'शिळं' म्हणून ओरडणाऱ्या सासूबाईंचं ऐका. आणि घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर सांडगे, पापड, लोणचं यावर रोजचा भार टाकू नका, त्यात मीठ फार.

मटार हिवाळ्यात स्वस्त झाले की घ्या, पावसाळ्यात पिशवीतले आयते घेण्यापेक्षा परवडतात. सोलून उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरडे करून ताटात पसरून गोठवायचे, मग पिशवीत भरायचे, म्हणजे गठ्ठा होत नाही. उकळत्या पाण्यातून काढण्याचा कंटाळा करू नका, नाहीतर फ्रीझरमध्येही त्यांचा रंग आणि गोडी उतरत जाते. काम सगळं सोलण्याचं आहे. यंदा संक्रांतीला वन्सं येणार आहेत, शेंगांचं पोतं आणि परात मी त्यांच्यापुढेच ठेवणार आहे.