ज्वालामुखीच्या बेटावर पाच दिवस

प्रश्न: ताई, डिसेंबरमध्ये आम्ही चौघं हवाईच्या बिग आयलंडला चाललोय, सोबत आई, तिला दम्याचा त्रास. ज्वालामुखी, मौना केआ पर्वत, समुद्र सगळं कसं बसवू?

उत्तर: एकाच हॉटेलात पाच रात्री काढू नका, बेट मोठं आहे. तीन रात्री पश्चिमेच्या कोरड्या कोना भागात, दोन पूर्वेच्या हिलो गावाकडे, तिथे पाऊस भरपूर. स्नॉर्कलिंग सकाळीच उरका, तेव्हा पाणी शांत असतं. किलाउएआ ज्वालामुखीचा पार्क १२०० मीटरवर आहे, जॅकेट हवंच, आणि निघण्याआधी कुठला ट्रेल बंद आहे ते त्यांच्या साइटवर बघाच. किलाउएआ इकी ट्रेल मला फार आवडतो, १९५९ साली भरलेलं लाव्हाचं तळं थिजलंय त्यावरून चालायचं, भेगांतून अजून वाफ येते, हात धरला की ओलसर गरम लागतो! हवाईत दिसतो तसा दोरखंडासारखा वळलेला लाव्हा आपल्या सह्याद्रीतही सापडतो बरं का.

आईंना मात्र ज्वालामुखीच्या धुराने धाप लागू शकते, डॉक्टरांना विचारूनच न्या आणि इनहेलर पर्समध्ये, बॅगेत नाही. मौना केआचं शिखर ४२०० मीटर, तिथे त्यांना नेऊच नका, २८०० मीटरच्या व्हिजिटर स्टेशनवरूनही तारे सुंदर दिसतात. आणि स्कूबा डायव्हिंग केलं तर पुढचे २४ तास उंच डोंगरावर जायचं नाही.