इंग्रजीत ए, ॲन आणि द नेमकं कुठे लावायचं? नियम पाठ करूनही मेलमध्ये चुकतंच. मराठी माध्यमवाल्याने काय करावं?

पाठ करणं आधी सोडा. मीही मराठी शाळेतलाच. इथे नागपुरात वकिलांचे मसुदे टाइप करतो आणि या तीन चिमुकल्या शब्दांपायी भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

शाळेत सांगतात की मराठीत आर्टिकल नसतं. शब्द नाही हे खरं, पण त्यामागचा भेद आपण रोजच करून राहिलो. 'मी ड्रायव्हर शोधतोय' आणि 'मी ड्रायव्हरला शोधतोय' ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कोणीही चालेल. दुसऱ्यात ठरावीक माणूस आहे, बहुतेक गाडी लावून तर्री पोहे खायला गेलेला. पहिल्याचं इंग्रजी 'ए ड्रायव्हर', दुसऱ्याचं 'द ड्रायव्हर'. निर्जीव वस्तूंना आपण हा 'ला' सहसा लावत नाही, म्हणून तिथे समोरचा 'कोणतं?' विचारेल का ते बघायचं. विचारणार असेल तर ए, त्याला आधीच कळलेलं असेल तर द.

गंमत अशी की वस्तू लिहिणाऱ्याला माहीत असून भागत नाही, वाचणाऱ्याला माहीत हवी. एकदा भाडेकराराच्या मसुद्यात मी पहिल्या कलमात 'ए शॉप' लिहिलं, ते बरोबर होतं. तिसऱ्या कलमात पुन्हा 'ए शॉप' टाइप केलं. साहेबांनी कागद परत सरकवला, "दुकानं दोन आहेत का रे?" पहिल्यांदा ओळख करून देताना ए, एकदा ओळख झाली की द. करारात हे चुकलं तर उद्या भांडण व्हायचं.

ए की ॲन यासाठी मात्र आपल्याजवळ इंग्रजांकडे नसलेली सोय आहे: देवनागरी. पुढचा शब्द मराठीत लिहा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर ए. एमएलए, एलआयसी एजंट, अवर (म्हणजे तास), ऑनेस्ट मॅन: सगळ्यांना ॲन. युनिव्हर्सिटी 'य'ने आणि वन रुपी कॉइन 'व'ने सुरू होतं, म्हणून ए. इंग्रजी स्पेलिंगकडे बघाल तर फसाल, तिथे युनिव्हर्सिटीचं पहिलं अक्षर स्वर आहे आणि अवरचं व्यंजन. 'द'चा उच्चारही याच हिशोबाने बदलतो, स्वरापुढे तो 'दि' होतो.

आपण सगळ्यात जास्त चुकतो ते काहीच लावायचं नसतं तिथे. संत्री तब्येतीला चांगली, हे एकंदर संत्र्यांबद्दल आहे, म्हणून नुसतं 'ऑरेंजेस'. 'द ऑरेंजेस' म्हटलं की काल कळमना मार्केटातून आणलेल्या पेटीतली. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर हे शब्द इंग्रजी मोजत नाही, त्यामुळे 'ॲन इन्फॉर्मेशन' कधीच नाही. तुमच्या मेलमध्ये हे नक्की सापडेल, पैज लावतो.

गावांच्या-जागांच्या नावांत तर्क शोधू नका. नदीला द लागतो (द नाग, द वैनगंगा), तलावाला नाही (फुटाळा लेक). सातपुड्याच्या रांगेला द, त्यातल्या एकट्या धूपगडाला नाही. वर्धा रोडलाही नाही. आपल्याकडचं १९११ पासूनचं 'द हितवाद' द नावातच घेऊन बसलंय, म्हणून तिथे तो गाळायचा नाही.

आणि मेल पाठवण्याआधी एकदा फक्त नामांवरून बोट फिरवा, प्रत्येकाला 'कोणतं?' विचारत. मला पंधरा ओळींच्या मेलला दोन मिनिटं लागतात. क्रियापदं त्या वेळी बघूच नका, नाहीतर लक्ष काळांकडे जातं आणि आर्टिकल तसंच राहून जातं.