वाचनालयाचे जुने संगणक लिनक्सवर नेले तर मराठी काम अडेल का?

तुम्ही विचारलंय की वाचनालयात तीन जुने संगणक आहेत, विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) आणि लिब्रेऑफिसवर (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) जावं का आणि पन्नाशीतल्या कर्मचाऱ्यांना ते जमेल का. जमेल. पण तुमच्या कार्यकारिणीतले जे म्हणताहेत की "लिब्रेऑफिसमध्ये मराठी अक्षरं फुटतात", ते साफ चूक आहे. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आधी त्याचाच निकाल लावतो.

फुटतो तो जुना फॉन्ट. इतिवृत्तं कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये असतील तर त्या फायलींत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आहेत. 'कार्यालय' हा शब्द तिथे डी, के, अर्धविराम, के, झेड, वाय, अर्धविराम असा साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरी चित्रं चढवतो. फॉन्ट नसेल तर वर्डमध्येही तीच गिचमिड दिसणार. त्यात ऑटोकरेक्ट (आपोआप दुरुस्ती करणारी सोय) वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं. कृतिदेवमध्ये स्मॉल डी म्हणजे 'क' आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क, म्हणून वाक्याच्या सुरुवातीचं 'कार्यालय' मोडतं. साधं एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श. ऑटोकरेक्टने ते वळणदार केलं की श गेलाच. बोल मात्र लिब्रेऑफिसला लागतो.

या फायली युनिकोडमध्ये (जिथे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं) न्यायच्या तर फाइंड-रिप्लेसने भागत नाही. कृतिदेवमध्ये रफार अक्षर आणि काना झाल्यावर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो 'र्' म्हणून त्या अक्षराच्या आधी लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलट: तिकडे आधी, इकडे व्यंजनानंतर. म्हणून क्रम फिरवणारा कन्व्हर्टरच वापरा. मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये जपा आणि रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'दऱ्या', 'कऱ्हाड' यांतला ऱ डोळ्यांनी तपासा.

रूपांतरानंतर मजकूर एकदम बारीक झाला तर घाबरू नका. लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरीचा फॉन्ट व आकार वेगवेगळा ठेवतं. कृतिदेवचा १६ हा आकार रोमन खात्यात होता, देवनागरीचं खातं १२ वरच राहिलेलं असतं. टूल्स, ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या बेसिक फॉन्ट्स (सीटीएल) मध्ये नोटो सान्स देवनागरी हा युनिकोड फॉन्ट घेऊन आकार ठरवा. भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी वाचनालयाच्या पत्रावर ते बरं दिसत नाही. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा.

कर्मचाऱ्यांना "लिनक्स" शिकवू नका. आहे त्याच विंडोजवर आधी लिब्रेऑफिस टाका आणि महिनाभर सभेची नोटीस, इतिवृत्त, वर्गणीची यादी एवढंच त्यात करू द्या. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोड मराठीची प्रमाण कळरचना: ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, डी, स्लॅश. रेमिंग्टनवर (कृतिदेवची टाइपरायटरसारखी कळरचना) बसलेल्या हाताला हे सुरुवातीला जड जातं, तेव्हा घाई करू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे लिब्रेऑफिसचे धडे मराठीत आहेत, मोफत आहेत, आणि थांबवत थांबवत सोबत करून बघता येतात.

लिनक्सचं थोडक्यात: मिंट या लिनक्स प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ४ जीबी रॅम, आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क). एसएसडीत कंजुषी केलीत तर मशीन रखडेल आणि दोष पुन्हा लिनक्सला लागेल.

हो, एक राहिलं. हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर एक मशीन विंडोज ११ चं ठेवा; त्यासाठी लिनक्सवर झटापट करण्यात अर्थ नाही. आणि इन्स्टॉल करण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालू करून वायफाय, स्कॅनर आणि प्रिंटर तपासा. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असेल तर तो लगेच छापणार नाही, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो.